नवख्याला किती काळ कच्चा लिंबू ठेवायचं?

मैदानावर धाकटं भावंड खेळायला आलं की मोठी मुलं त्याला कच्चा लिंबू करतात. ते पळतं, लपतं, पकडलंही जातं. फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. पुढे कधीतरी गटच ठरवतो की आता हा पक्का भिडू. ऑनलाइन सर्व्हायवल सँडबॉक्स प्रकारच्या खेळांत मात्र हे आधीच कोडमध्ये लिहून ठेवावं लागतं, कारण एकमेकांना कधीही न पाहिलेली शेकडो माणसं तिथे एकाच जगात उतरतात. नवख्याला सांभाळून घ्यायचं का, घ्यायचं तर किती काळ, आणि ते काम खेळ बनवणाऱ्यांचं, सर्व्हर चालवणाऱ्यांचं की सोबत खेळणाऱ्यांचं, यावर 1990च्या दशकापासून वाद चालू आहे.

या वादाकडे मी पुण्यातल्या वारज्यातून पाहतो आहे. महामार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलेल्या या उपनगरात नवखे तीन तऱ्हांचे दिसतात. आई-वडिलांच्या मोबाइलवर माइनक्राफ्ट उघडणारी सहावी-सातवीतली मुलं. कर्वेनगर-कोथरूडच्या कॉलेजांसाठी बाहेरगावाहून येऊन इथे खोली घेऊन राहणारे, लॅपटॉपवर रस्ट किंवा व्हॅलहाइम खेळणारे विद्यार्थी. आणि मुलगी हट्टाने शेजारी बसवते म्हणून चाळिशीत पहिल्यांदा असा खेळ हातात घेणारे पालक. सुरुवात कशी करावी, हा प्रश्न तिघेही विचारतात. तिघांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही.

वादाची पार्श्वभूमी

1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा निव्वळ मजकुरावर चालणारा सामायिक खेळ सुरू केला. अनेकांनी एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. बार्टल यांनी 1996 मध्ये एका लेखात अशा जगातल्या खेळाडूंचे चार गट मांडले: काही मिळवण्यासाठी झटणारे, नवं शोधत फिरणारे, माणसांच्या ओळखीसाठी येणारे आणि दुसऱ्याला जेरीस आणण्यात रस असणारे. हे गट एकमेकांची संख्या वाढवतात आणि घटवतात, हे त्यांचं महत्त्वाचं निरीक्षण होतं. चौथा गट वाढला की पहिला आणि तिसरा ओसरतो. नवखेही या दोन गटांत असतात.

1997 मध्ये आलेल्या अल्टिमा ऑनलाइनने हा प्रश्न हजारो खेळाडूंच्या जगात नेला. शहरांच्या सुरक्षित हद्दीबाहेर कोणीही कोणालाही मारून लुटू शकत असे, आणि वेशीबाहेर पहिलं पाऊल टाकणारा नवखा हे सर्वांत सोपं सावज होतं. आधी नावलौकिकाची, बदनामीची, शिक्षेची गणितं बसवून पाहिली गेली. अखेर 2000 साली निर्मात्यांनी अख्ख्या जगाची दुसरी प्रत काढली. जुन्या ‘फेलुका’त मारामारी चालू राहिली, नव्या ‘ट्रॅमेल’मध्ये संमतीशिवाय कुणावर हल्ला करता येईना. बहुसंख्य लोक ट्रॅमेलमध्ये गेले आणि फेलुका ओस पडू लागलं. सुरक्षिततेच्या बाजूचे लोक या स्थलांतराकडे बोट दाखवतात. दुसरी बाजू म्हणते की धोक्यामुळे माणसं एकत्र येत होती; धोका गेला आणि त्या जगातली एकीही गेली. आजही दोन्ही बाजूंचे लोक हेच उदाहरण देतात.

2009 मध्ये मार्कुस पेर्सोन यांचा माइनक्राफ्ट लोकांपुढे आला आणि ‘रात्र होण्याआधी निवारा बांध’ हे सूत्र घरोघर पोचलं. 2012 मध्ये डीन हॉल यांनी आर्मा 2 या युद्धखेळावर रचलेल्या डेझीने त्यात दुसऱ्या माणसाची भीती घातली. डिसेंबर 2013 मध्ये फेसपंच स्टुडिओजचा रस्ट प्राथमिक स्वरूपात विक्रीला आला आणि ही भीतीच त्याचा गाभा झाली. त्यानंतर 2015 मध्ये आर्क, 2021 मध्ये व्हॅलहाइम, 2024 मध्ये पालवर्ल्ड अशी रांग लागली. उपाशी पोटी, रिकाम्या हातांनी, अनोळखी भूमीवर सुरुवात ही सगळ्यांत समान. नवख्याशी वागण्याच्या तऱ्हा मात्र टोकाच्या वेगळ्या.

पहिल्या तासात काय घडतं

माइनक्राफ्टमध्ये दिवस आणि रात्र मिळून वीस मिनिटांची असतात. पहिल्या उजेडाची जेमतेम दहा. झाडावर मुठी मारून लाकूड मिळवायचं, त्याच्या फळ्या, फळ्यांचं क्राफ्टिंग टेबल, मग लाकडी कुदळ, तिने दगड, दगडाची भट्टी. कोळसा सापडला तर मशाली. तीन लोकरी आणि तीन फळ्या मिळाल्या की पलंग होतो. त्यावर झोपलं की रात्र सरते आणि मेल्यावर परत जन्मण्याची जागाही तीच ठरते. 2021 च्या 1.18 आवृत्तीपासून जमिनीवरचे राक्षस पूर्ण अंधारातच जन्मतात, त्यामुळे पुरेशा मशाली लावलेलं घर नवख्यालाही राखता येतं. मेल्यावर सांडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं. पहिला खरा चटका बहुतेकांना इथेच बसतो.

रस्टमध्ये किनाऱ्यावर जाग येते तेव्हा हातात एक दगड आणि एक मशाल असते. लाकूड-दगड गोळा करून छोटी खोली बांधायची, तिला दार आणि कुलूप, आत टूल कबर्ड, आणि झोपायची पिशवी टाकायची. टूल कबर्ड नसेल तर दुसरा माणूस तुमच्या भिंतीला लागून स्वतःचं बांधकाम करू शकतो. सर्वांत अवघड गोष्ट पुढेच आहे: तुम्ही खेळ बंद केलात तरी तुमचं शरीर त्या जगात झोपून राहतं आणि घरही तिथेच राहतं. सकाळी परत यावं तर भिंत फोडलेली आणि पेटी रिकामी, हा या खेळातला अगदी सामान्य अनुभव आहे.

व्हॅलहाइमची रीत मवाळ आहे. एका जगात जास्तीत जास्त दहा माणसं, एकमेकांशी लढाई फक्त स्वेच्छेने, उपाशी राहिलं तरी मरण येत नाही, मेल्यावर सामान थडग्यात जपून राहतं. हुगिन नावाचा कावळा अधूनमधून येऊन दोन शब्द सांगतो आणि निघून जातो. ज्या पालकाने आयुष्यात कधी असा खेळ हाती घेतला नाही, त्याला मी हाच दरवाजा सुचवेन, मुलासाठी माइनक्राफ्ट.

सांगून शिकवायचं की सापडू द्यायचं

पहिला मोठा मतभेद शिकवण्याबद्दल आहे. माइनक्राफ्टच्या संगणकावरच्या मूळ आवृत्तीत सुरुवातीला काहीच सांगितलेलं नसे. कुठल्या वस्तू कशा मांडल्या की काय बनतं, हे मित्रांकडून, व्हिडिओंतून, विकीवरून कळायचं. मे 2012 मध्ये एक्सबॉक्स 360 साठी फोरजे स्टुडिओजने केलेल्या आवृत्तीत मात्र शिकवणीचं वेगळं जग होतं आणि कृतींची तयार यादीही. खेळ एकच, पण आत शिरण्याच्या वाटा दोन. संगणकावरच्या जावा आवृत्तीत कृतींचं पुस्तक आलं ते 2017 मध्ये, 1.12 बरोबर. रस्टने तर दहा वर्षं लोकांना किनाऱ्यावर नुसतं सोडून दिलं आणि 2024 मध्ये नवख्यांसाठी वेगळं शिकवणीचं बेट दिलं.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हा वाद ओळखीचा वाटेल. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांमधून ज्ञानरचनावादाची चर्चा राज्यभर पसरली, 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने तिला बळ दिलं, आणि मूल स्वतः ज्ञान रचतं की ते त्याला स्पष्ट सांगावं लागतं, यावर शिक्षक-खोल्यांतून भरपूर वाद झाले. जागतिक पातळीवर एका बाजूला जेम्स पॉल जी यांचं 2003 चं पुस्तक आहे. चांगला खेळ गरज पडते त्या क्षणीच माहिती देतो, शाळांनी ते शिकावं, असं ते म्हणतात. दुसऱ्या बाजूला कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा 2006 चा गाजलेला निबंध आहे. नवशिक्याच्या मनावर आधीच भार असतो. त्याला वाऱ्यावर सोडलं तर तो शिकत नाही, चाचपडतो, असा त्यांचा दावा. जाणकार होत गेल्यावर मार्गदर्शनाचा उपयोग घटतो, हे मात्र त्यांच्या परंपरेतले संशोधकही मानतात.

खेळांवरच केलेला एक अभ्यास इथे मोलाचा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एरिक अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये तीन खेळांतल्या 45,000 पेक्षा जास्त खेळाडूंवर शिकवणीचा परिणाम तपासला. सर्वांत गुंतागुंतीच्या फोल्डइट या खेळात शिकवणीमुळे खेळण्याचा वेळ 29 टक्क्यांपर्यंत वाढला. प्रयोग करत सहज कळतील अशा दोन सोप्या खेळांत तिचा फायदा दिसला नाही. सर्व्हायवल खेळ या दोन टोकांच्या मधे बसतात. झाड तोडलं की लाकूड मिळतं, हे कुणी सांगावं लागत नाही. टूल कबर्ड नसलेलं घर आपलं नसतं, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. जे चुकल्यास पाच मिनिटं वाया जातात ते सापडू द्यावं, जे चुकल्यास आठवडा वाया जातो ते आधी सांगावं, असं मला या पुराव्यांवरून वाटतं.

भिंत हवी की मोकळं रान

दुसरा मतभेद संरक्षणाचा, आणि तो अधिक तीव्र आहे. संरक्षणाच्या बाजूने अलीकडचं ठळक उदाहरण अॅमेझॉनच्या न्यू वर्ल्डचं. मोकळ्या मारामारीचा सर्व्हायवल खेळ म्हणून त्याची आखणी झाली होती. चाचणीत वरच्या पातळीचे खेळाडू नवख्यांना पुन्हा पुन्हा मारत राहिले, आणि 2020 च्या जानेवारीत निर्मात्यांनी लढाई ऐच्छिक केल्याचं जाहीर केलं. रस्टनेही 2018 मध्ये शस्त्र उगारायला मनाई असलेली सुरक्षित ठाणी आणली.

विरुद्ध बाजूचा भक्कम पुरावा आइसलंडच्या ईव्ह ऑनलाइनकडून आला. अवकाशातला हा सँडबॉक्स खेळ निर्दयतेसाठीच ओळखला जातो. त्याच्या निर्मात्यांनी 2015 मध्ये सुमारे 80,000 नव्या खेळाडूंचे पहिले पंधरा दिवस तपासले. ज्यांचं यान दुसऱ्या खेळाडूने नष्ट केलं होतं, ते इतरांपेक्षा जास्त टिकलेले आढळले. यावरून ‘मार खाल्लेला टिकतो’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण जो मुळातच धीट आहे, लांबवर फिरतो, माणसांत मिसळतो, तोच हल्ल्यात सापडण्याची शक्यता जास्त असते आणि टिकण्याचीही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. तरीही एवढं खरं की पहिला पराभव प्रत्येक नवख्याला पळवून लावत नाही.

2020 च्या अखेरीस आणि 2021 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ऑफलाइनटीव्ही या प्रसारकांच्या गटाने रस्टचा खासगी सर्व्हर चालवला, तेव्हा हाच वाद लाखो प्रेक्षकांसमोर झाला. काहींना पात्रं रंगवायची होती, दुकानं मांडायची होती. काहींना रेड, म्हणजे दुसऱ्यांची घरं फोडून लूट, करायची होती. शेवटी दोन सर्व्हर वेगळे करावे लागले. वीस वर्षांनी पुन्हा फेलुका आणि ट्रॅमेल.

टोकाची उदाहरणं दोन्हीकडे आहेत. डिसेंबर 2010 पासून चालू असलेल्या टूबीटूटी या माइनक्राफ्ट सर्व्हरवर नियमच नाहीत. नवखा जिथे जन्मतो तो परिसर वर्षानुवर्षांच्या विध्वंसाने उजाड झालेला आहे, आणि तिथून जिवंत बाहेर पडणं हीच तिथली दीक्षा. याउलट 2013 मध्ये कॅनडातल्या स्टुअर्ट डंकन यांनी स्वमग्न मुलांसाठी ऑटक्राफ्ट सुरू केला. तिथे अर्ज करून व्हाइटलिस्टमध्ये नाव आल्याशिवाय प्रवेश नाही आणि त्रास देणाऱ्याला जागा नाही. दोन्ही सर्व्हर दहा वर्षांहून अधिक काळ टिकले. त्यामुळे एकच भिंत सगळ्यांना योग्य, असं कुठल्याच बाजूला म्हणता येत नाही.

सोबतीचा मुद्दा

तिसरी भूमिका कमी आवाजात मांडली जाते. ती म्हणते की शिकवणी आणि भिंत या दोन्हींपेक्षा पहिल्या आठवड्यात भेटलेलं माणूस महत्त्वाचं. ईव्हमध्ये 2004 पासून ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ ही खेळाडूंनीच चालवलेली संस्था नवख्यांचे वर्ग घेते. तिला निर्मात्यांनी जन्म दिला नाही. गरजेतून ती उभी राहिली. माइनक्राफ्टमध्ये हेच काम थोरली बहीण किंवा वरच्या मजल्यावरचा दादा करतो. मला या तीन भूमिकांत हीच सर्वांत सशक्त वाटते. कारण साधं आहे: खेळाची माहिती कुठूनही मिळते, पण ‘मेलास तर मेलास, चल, तुझं सामान आणू’ म्हणणारं कोणी असलं तरच हरल्यानंतरची दहा मिनिटं सुसह्य होतात.

या भूमिकेवरचा आक्षेपही दखल घेण्याजोगा आहे. ज्याला ओळखीचं कुणी नाही, तो काय करणार? गट नवख्याला सांभाळतो तसा राबवतोही. मोठ्या क्लॅनमध्ये महिनाभर नुसतं लाकूड तोडत बसलेले नवे खेळाडू कमी नाहीत. आवाजाने ओळखल्या जाणाऱ्या मुलींसाठी सोबत शोधणं आणखी कठीण असतं. कुझ्नेकॉफ आणि रोझ यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हेलो 3 वरच्या अभ्यासात बाईच्या आवाजाला पुरुषी आवाजाच्या तिप्पट नकारात्मक प्रतिसाद मिळाला होता. तो नेमबाजीचा खेळ होता; पण रस्टसारख्या खेळात जवळच्याशी प्रत्यक्ष बोलून जीव वाचवावा लागतो, तिथे मुलीने माइक बंद ठेवणं म्हणजे बचावाचं एक साधन सोडून देणं.

वारज्यात सुरुवात करताना

मोबाइलवर माइनक्राफ्टची बेडरॉक आवृत्ती चालते, जावा नाही. आणि या दोन आवृत्त्यांचे खेळाडू एरवी एकमेकांच्या जगात येऊ शकत नाहीत. सोसायटीतल्या चार मुलांनी आधी एवढं जुळवून घेतलं नाही तर खर्च वाया जातो. रस्टसाठी बऱ्यापैकी ताकदीचा संगणक आणि शक्यतो 16 जीबी रॅम लागते. ज्यांना विकत घ्यायचंच नाही त्यांच्यासाठी लुआंटी आहे. 2010 मध्ये फिनलंडच्या पेर्तु आहोला यांनी माइनटेस्ट नावाने सुरू केलेला, 2024 मध्ये नाव बदललेला हा मुक्त आणि मोफत प्रकल्प जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

सर्व्हर निवडताना आधी तो कुठे आहे ते पाहावं. मुंबईतला सर्व्हर पुण्याहून अगदी जवळचा. सिंगापूरचा चालून जातो. युरोपातल्या सर्व्हरवर लढाईत उशीर जाणवतो, बांधकामात फारसा नाही. त्याहून महत्त्वाचं, आणि इंग्रजी मार्गदर्शनात कुठेच न येणारं, म्हणजे वेळ. रस्टमध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळे सर्व्हर पुसून नवं जग सुरू होतं. सगळे रिकाम्या हाती असतात म्हणून नवख्याने नेमकं तेव्हा यावं, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. हा वाइप लंडनच्या संध्याकाळी सात वाजता होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. शुक्रवारी कॉलेज असलेल्या मुलाला हा सल्ला कसा परवडणार? शुक्रवारी संध्याकाळी पुसला जाणारा, कमी गर्दीचा, आशियातला खासगी सर्व्हर हा त्यावरचा व्यवहारी तोडगा आहे.

लहान मुलांसाठी सर्वांत कमी धोक्याची सुरुवात घरच्या वाय-फायवरच होते: एकाने जग उघडायचं, त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्याने त्यात शिरायचं. त्यानंतर व्हाइटलिस्ट असलेला ओळखीच्यांचा सर्व्हर, आणि सार्वजनिक सर्व्हर सर्वांत शेवटी. मायक्रोसॉफ्टच्या बालखात्यावर इतरांसोबत खेळण्याची परवानगी पालकांना द्यावी लागते. ती देण्याआधी एक संध्याकाळ स्वतः शेजारी बसून खेळावं, असं मी कळकळीने सांगेन.

कायद्याची बाजू लवकर सांगता येते. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली. हे खेळ विकत घेऊन खेळायचे असल्याने त्या बंदीत मोडत नाहीत. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी अधिसूचित झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, असे त्याचे निकष आहेत. सुट्टीतला उत्साह म्हणजे हा आजार नव्हे, आणि खरी लक्षणं दिसली तर ती उत्साह म्हणून सोडूनही देऊ नयेत.

काय सुटलेलं नाही

पहिला न सुटलेला प्रश्न मोजमापाचा आहे. कंपन्या नवखा किती दिवस टिकला हे मोजतात. पण दोन संध्याकाळी खेळून, आनंदाने घर बांधून, परत न आलेली मुलगी त्या हिशेबात अपयश ठरते, आणि चिडत-कुढत रोज पहाटेपर्यंत जागणारा मुलगा यश ठरतो. नवख्याची सुरुवात चांगली झाली म्हणजे काय, याची व्याख्या बदलल्याशिवाय वरच्या कुठल्याच अभ्यासाचा निकाल अंतिम मानता येणार नाही.

दुसरा भाषेचा. इथल्या मुलांना मिळणारे व्हिडिओ मुख्यतः हिंदीत, विकी इंग्रजीत. मराठी माध्यमातला सहावीतला मुलगा व्हिडिओ पाहून नक्कल करतो, पण अडल्यावर वाचून उत्तर शोधू शकत नाही. पुण्यात खेळ बनवणारी मंडळी आहेत. नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आणि सुपरगेमिंगचा ‘इंडस’ 2024 मध्ये इथूनच आला. दोन्ही वेगळ्या जातीचे खेळ आहेत. सह्याद्रीतल्या पावसात, पहिल्या रात्रीआधी कुडाचं घर उभं करायला लावणारा सर्व्हायवल खेळ मराठीतून बोलला, तर त्याची शिकवणी किती छोटी करता येईल, हे करून पाहण्यासारखं आहे.

तिसरा प्रश्न सर्व्हर सांभाळण्याचा. घरच्या वाय-फायनंतरची पायरी म्हणजे ओळखीच्यांचा सर्व्हर असं मी म्हटलं, पण तो चालवणारा बहुधा नववी-दहावीतला एखादा मुलगा असतो. भांडणं तोच मिटवतो, कोणाला आत घ्यायचं ते तोच ठरवतो, बॅकअपही त्याच्याच लॅपटॉपवर. तो बारावीला गेला की सर्व्हर बंद होतो आणि धाकटी मुलं सार्वजनिक सर्व्हरवर जातात, कोणतीही तयारी नसताना. शाळेने, वाचनालयाने किंवा सोसायटीने असा सर्व्हर पुढे चालवायचा तर खर्च उचलता येण्याजोगा आहे. देखरेख कोण करणार, मुलांच्या खात्यांची माहिती कोणाकडे राहणार, आणि तक्रार आली तर ऐकणार कोण, हे मात्र अजून ठरायचं आहे.